पर्वतीचा पायथा ते कात्रजचे तळे

‘कात्रजचा घाट दाखविणे’ हा वाक्प्रचार मराठी माणसाला नवा नाही. १६६३ साली लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घालून शिवाजी महाराज निसटले, तेव्हा पाठलागावर येणाऱ्या मोगली फौजेला चकविण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते पिटाळण्यात आले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. महाराज सिंहगडाच्या वाटेला लागले आणि मोगल पलित्यांच्या मागे धावले. कथेत महाराजांचे चातुर्य आहे, शत्रूची फजिती आहे. त्या बैलांचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी सांगत नाही. इतिहासात मुक्या प्राण्यांची गत बहुधा अशीच असते. रणात, राजवाड्यात, शेतात, मिरवणुकीत ते सर्वत्र असतात. पण त्यांची नोंद होते ती आपल्या कामापुरती.

पुण्यातील प्राणिसंग्रहांचा इतिहास असाच दुर्लक्षित राहिला आहे. तो सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. त्याच परिसरात १९५३ साली पुणे महानगरपालिकेने पेशवे उद्यान उभारले, आणि १९९९ साली कात्रज येथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले. दरबार, शहर आणि शहराबाहेरची मोकळी जागा असे या प्रवासाचे तीन मुक्काम आहेत. वरवर पाहता ही केवळ जागेची बदली वाटते. आमच्या मते ती माणसाच्या नजरेतील बदलाची कहाणी आहे. प्राण्याकडे आपण कशासाठी पाहतो, या प्रश्नाला या शहराने तीन काळांत तीन वेगवेगळी उत्तरे दिली. त्यांपैकी तिसरे उत्तर अजून पुरते लिहून झालेले नाही, आणि ते लिहिण्यात आपल्या प्रत्येक कुटुंबाचा हात आहे.

दरबाराचे वैभव

नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास पर्वतीवर मंदिर बांधले आणि पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून तळे केले. त्या तळ्यातील बेटावर सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७८४ साली, गणपतीची स्थापना झाली. आज सारसबागेत ज्याला पुणेकर ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात तो हाच. तळे आता राहिले नाही, पण त्याची आठवण नावात टिकून आहे. डोंगर, पाणी आणि झाडी यांच्या या सान्निध्यात पेशव्यांचा शिकारखाना होता.

‘शिकारखाना’ हा शब्द बोलका आहे. वाघ, चित्ते, हरणे, ससाणे यांचा संग्रह हा राजेरजवाड्यांच्या शिकारीच्या सरंजामाचा भाग असे. चित्ता पाळावा, त्याला शिकवावे आणि काळवीट धरण्यासाठी सोडावे, ही आपल्याकडची जुनी रीत. कोल्हापूर दरबारात ती विसाव्या शतकापर्यंत चालू होती. पाळलेला चित्ता कैदेत क्वचितच वीत असे. म्हणून प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. रानाचे हे येणे किती काळ फेडता येणार होते? १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे जे चित्ते सोडण्यात आले, ते आफ्रिकेतील नामिबियातून विमानाने आणावे लागले.

सवाई माधवरावांना प्राण्यांची मोठी आवड होती. या तरुण पेशव्याची कहाणी करुण आहे. त्यांचा जन्म १७७४ चा, पित्याच्या खुनानंतरचा. पाळण्यात असतानाच पेशवाईची वस्त्रे अंगावर आली आणि राज्यकारभार नाना फडणिसांच्या हाती राहिला. वाड्यातील शिस्त, पहारे आणि कर्तव्ये यांच्या चौकटीत हा मुलगा वाढला. १७९५ साली शनिवारवाड्यात उंचावरून पडून त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा वय अवघे एकवीस होते. स्वतः पहाऱ्यात वाढलेल्या या मुलाला शिकारखान्यातील प्राण्यांजवळ विरंगुळा वाटावा, हे समजण्यासारखे आहे.

त्या शिकारखान्याचा एक अपूर्व पुरावा आज उपलब्ध आहे. पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून सर चार्ल्स मॅलेट राहत होता. त्याच्या आश्रयाला गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट नावाचा पुण्याचा चित्रकार होता. वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढण्यासाठी मॅलेटने त्याला तिकडे पाठविले होते. याच गंगारामाने नोव्हेंबर १७९० मध्ये पेशव्यांच्या संग्रहातील गेंड्याचे चित्र काढले. ते आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात जतन करून ठेवलेले आहे. गेंडा हा आपल्या मुलखातील प्राणी नव्हे. तो हिमालयाच्या पायथ्याच्या ओल्या गवताळ प्रदेशातला. शेकडो कोस दूर, पर्वतीच्या पायथ्याशी तो उभा होता, आणि एक मराठी चित्रकार त्याच्यासमोर बसून त्याचे रूप कागदावर उतरवीत होता.

गोव्याहून गेलेला गेंडा

या चित्रामुळे आम्हांला आणखी एका गेंड्याची आठवण होते. त्याची कथा आपल्या वाचकांना जवळची वाटेल, कारण तिचा एक धागा गोव्यात आहे आणि दुसरा रोममध्ये.

पोर्तुगालचा राजा मानुएल याने १५१४ साली पोप दहावे लिओ यांना हिंदुस्थानातून आलेला हत्ती भेट पाठविला होता. ‘हान्नो’ या नावाने तो रोममध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास गुजरातच्या सुलतानाने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकर्क याला एक गेंडा नजर केला. आल्बुकर्कने तो राजाकडे रवाना केला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघालेले जहाज २० मे रोजी लिस्बनला पोहोचले. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपात जिवंत गेंडा आला नव्हता. त्यामुळे बघ्यांची झुंबड उडाली. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावण्याचा घाट घातला, तेव्हा हत्तीच पळून गेला. वर्षअखेर राजाने हा गेंडा पोपमहाशयांना भेट म्हणून जहाजावर चढविला. इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात ते जहाज बुडाले. गेंडा पोहणारा प्राणी आहे. पण त्याचे पाय साखळदंडाने फळीला जखडलेले होते, म्हणून तो वाचू शकला नाही.

लिस्बनहून आलेल्या एका पत्रावरून आणि रेखाटनावरून जर्मनीतील थोर चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने या गेंड्याचे काष्ठचित्र केले. त्याने स्वतः गेंडा कधीच पाहिला नव्हता. त्यामुळे त्याच्या गेंड्याच्या अंगावर चिलखताच्या पत्र्यांसारखी कातडी आहे आणि खांद्यावर एक जादा शिंगही आहे. पुढची दोन-अडीच शतके युरोपातील पुस्तकांत गेंडा म्हणून हेच चित्र छापले जात राहिले. जगाने गेंडा पाहिला तो असा, ऐकीव आणि चिलखत घातलेला.

ड्यूरर कलावंत म्हणून केवढा मोठा, हे सांगणे नको. तरीही गेंड्याच्या बाबतीत पुण्याच्या गंगाराम तांबटाकडे एक गोष्ट होती जी ड्यूररकडे नव्हती: खरा प्राणी त्याच्या डोळ्यांसमोर होता. प्राणिसंग्रहाच्या बाजूने जे काही बोलता येईल त्याचे बीज येथे आहे. समोर पाहिल्याशिवाय ओळख होत नाही. आणि प्राणिसंग्रहाच्या विरुद्ध जे काही बोलता येईल त्याचे बीजही याच कथेत, त्या साखळदंडात आहे. एवढी जबर शक्ती असलेला प्राणी समुद्रात बुडाला तो पाण्यामुळे नव्हे, आपल्या हौसेमुळे. पुढील सारा इतिहास हा या दोन गोष्टींमधील ओढाताणीचा आहे.

जाता जाता एक योग नोंदवावासा वाटतो. गेंड्याचे चित्र १७९० चे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७९२ साली, पेशव्यांच्या सैन्यातील ख्रिस्ती शिपायांसाठी क्वार्टर गेटजवळ आपले सिटी चर्च उभे राहिले. त्यासाठी जमीन दिली ती याच सवाई माधवरावांनी. वाड्याच्या चौकटीत वाढलेल्या या मुलाच्या राज्यात परक्या मुलखातून आलेल्या प्राण्यालाही जागा होती आणि वेगळ्या श्रद्धेच्या माणसांनाही. पहिली जागा हौसेपोटी दिली गेली, दुसरी सैन्याच्या गरजेपोटी, असे कोणी म्हणेल. असेलही. पण जागा दिली गेली, हे खरे.

राजाकडून रयतेकडे

गंगाराम पुण्यात चित्र काढीत होता त्याच दशकात युरोपात एक वेगळी घटना घडली. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली होती. त्यानंतर व्हर्सायच्या राजवाड्यातील उरलेसुरले प्राणी पॅरिसच्या वनस्पतिउद्यानात हलविण्यात आले आणि राजाची करमणूक ही जनतेची मालमत्ता झाली. १८२८ मध्ये लंडनचे प्राणिसंग्रहालय अभ्यासकांसाठी सुरू झाले. आपल्याकडे मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली. तिच्यात पुढे प्राणी आले. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखली जाते.

पुण्यात १८१८ साली पेशवाई संपली. त्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १९५३ साली, पर्वतीच्या पायथ्याशी पुन्हा प्राण्यांचे आवाज ऐकू येऊ लागले. महानगरपालिकेने सुमारे सात एकर जागेत पेशवे उद्यान वसविले. नाव पेशव्यांचे राहिले, पण मालकी बदलली होती. पूर्वी जे दरबाराच्या पाहुण्यांना दिसे, ते आता दारावर तिकीट काढणाऱ्या कोणालाही दिसू लागले. १९५६ साली तेथे ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धावू लागली. पुण्यात वाढलेल्या दोन-तीन पिढ्यांना सुट्टी, फुलराणी आणि पिंजऱ्यातला वाघ ही एकाच आठवणीची तीन टोके वाटतात. आपल्या धर्मग्रामातील आजी-आजोबांना विचारून पाहावे. फुलराणीचे नाव काढताच चेहरा उजळतो.

ही लोकशाहीची देणगी होती, यात शंका नाही. पण नजर अजून जुनीच होती. लोखंडी गज, सिमेंटची जमीन आणि चार पावलांची येरझार, हे तेव्हाच्या बहुतेक प्राणिसंग्रहालयांचे रूप होते. राजाच्या जागी आपण सर्व राजे झालो होतो. वाघाने आपल्यासाठी डरकाळी फोडावी, माकडाने आपल्यासाठी कसरत करावी, झोपलेल्या अस्वलाने उठावे, आणि न उठल्यास त्याला खडा मारावा, ही वृत्ती तिकिटाबरोबर आत शिरत असे.

वास्तविक जगात दुसरी वाट याआधीच दिसली होती. जर्मनीतील कार्ल हागेनबेक याने १९०७ साली हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदकांचे प्राणिसंग्रहालय उघडले. प्राणी मोकळ्या, झाडे-खडक असलेल्या जागेत राहील आणि माणूस व तो यांच्यामध्ये खोल खंदक असेल, ही ती कल्पना. आपल्या देशात विचाराला कायद्याचे रूप येण्यास अवकाश लागला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीने त्यात प्राणिसंग्रहालयांविषयी स्वतंत्र प्रकरण आले, आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. तेव्हापासून या प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय देशात कोणालाही प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. पिंजरा केवढा असावा, प्राण्याला सावली, पाणी, आडोसा व वैद्यकीय उपचार कसे मिळावेत, हे ठरविण्याचा अधिकार आता हौसेकडे उरला नाही. शहराच्या मध्यभागी सात एकरांत हे सारे बसणे कठीणच होते.

कात्रजची वाट

तोवर कात्रजला एक वेगळाच आरंभ झालेला होता, आणि तो वाघ-सिंहांनी नव्हे, सापांनी केला होता. नीलिमकुमार खैरे या तरुणाने १९८० साली पुण्यात बहात्तर विषारी सापांच्या सहवासात बहात्तर तास काढून दाखविले. साप उगाच चावत नाही, त्याला डिवचले तरच तो चावतो, हे त्यांना लोकांच्या मनावर ठसवायचे होते. पुढे १९८६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने आणि महानगरपालिकेच्या साहाय्याने कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले.

आमच्या मते पुण्याच्या प्राणिसंग्रहांच्या इतिहासात हे खरे वळण आहे. वाघ, हत्ती आणि गेंडा पाहायला गर्दी आपोआप होते. साप हा ज्याला पाहताच काठी शोधली जाते असा प्राणी. त्याला भिंतीआड ठेवले ते वैभव मिरविण्यासाठी नव्हे, तर लोकांच्या मनातील भीती दूर करण्यासाठी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप आपल्याकडे विषारी दंशाचे मुख्य कारण आहेत. धामण, दिवड, कवड्या, गवत्या हे बिचारे त्यांच्या नावाने मार खातात. धामण शेतातील उंदीर खाते, म्हणजे शेतकऱ्याचे धान्य राखते. सर्पविषावरचे औषध सापाच्या विषापासूनच तयार होते: विषाची अल्प मात्रा घोड्यांना टोचतात, त्यांच्या रक्तात प्रतिकारद्रव्य तयार होते, आणि त्यापासून हाफकिनसारख्या ठिकाणी औषध बनते. एका प्राण्याने दिलेले विष, दुसऱ्या प्राण्याने दिलेले रक्त आणि वाचलेला माणसाचा जीव, असा हा हिशेब आहे.

याच सर्पोद्यानाच्या शेजारी, कात्रजच्या तळ्याकाठी, नवे प्राणिसंग्रहालय आकारास आले. १९९९ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. पेशवे उद्यानातील प्राणी टप्प्याटप्प्याने तेथे गेले आणि २००५ मध्ये जुने प्राणिसंग्रहालय बंद झाले. सात एकरांऐवजी सुमारे एकशे तीस एकर, आणि त्यातच बेचाळीस एकरांचे तळे.

या तळ्याची कथा ठाऊक असेल तर या स्थलांतराचा अर्थ अधिक कळतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला बंधारे घालून पाणी अडविले गेले आणि जमिनीखालून दगडी नळ बांधून ते शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत नेले गेले. पंप नाही, वीज नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी धावे, आणि वाटेत हवा खेळती राहावी म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले असत. पिढ्यान्‌पिढ्या कात्रजने पुण्याला पाणी पाजले. अडीचशे वर्षांनी त्याच वाटेने, पण उलट दिशेने, शहरातील प्राणी कात्रजला गेले. ज्या गावाने शहराची तहान भागविली त्यानेच शहराच्या कैद्यांना मोकळी जागा दिली.

एका दिवसाची सहल

मध्यंतरी एका हिवाळ्यात आम्ही धर्मग्रामातील कुटुंबांसह कात्रजला गेलो होतो. बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असते, म्हणून शनिवार ठरविला. स्वारगेटवरून सातारा रस्त्याने सहा-सात किलोमीटर जावे लागते. एके काळी कात्रज हे पुण्याबाहेरचे गाव होते. आता शहराने ते पुरते वेढले आहे आणि वस्ती घाटाच्या पायथ्याला भिडली आहे. दारावर पिशव्या तपासल्या गेल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या बाहेर ठेवाव्या लागल्या. काही मंडळी कुरकुरली. आत गेल्यावर मात्र झाडांची सावली, तळ्यावरचा वारा आणि पक्ष्यांचे आवाज यांनी कुरकुर थांबविली. वृद्धांसाठी बॅटरीवर चालणारी गाडी होती. ती त्यांच्याआधी मुलांनीच गाठली.

खंदकापलीकडे वाघ दाट गवतात पहुडला होता. पट्टे आणि उन्हाची तिरीप यांत तो चटकन दिसेना. मुले कंटाळली. ‘तो उठत का नाही?’ अशी तक्रार झाली. एका पालकाने टाळ्या वाजविल्या, शिट्टी घातली. तेव्हा आमच्यातील एक निवृत्त शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, ‘अहो, आपण त्याच्या घरी आलोय. दुपारी कुणाच्या घरी गेलो आणि माणूस झोपलेला असला, तर आपण शिट्ट्या घालतो का?’ टाळ्या थांबल्या. दहा मिनिटे सर्वजण नुसते उभे राहिले. वाघाने कान हलविला, मान उचलली, आमच्याकडे एकवार पाहिले आणि पुन्हा मान टेकली. त्या एका कटाक्षाची चर्चा डबे उघडेपर्यंत चालली होती.

जेवणानंतर तिसरीतल्या एका मुलीने विचारले, ‘फादर, ह्यांना इथं कशासाठी ठेवलंय?’ प्रश्न साधा होता, पण उत्तर साधे नव्हते.

काहींचे उत्तर सोपे आहे. कात्रजला वन्यप्राण्यांचे अनाथालय आहे. विहिरीत पडलेले, वाहनाखाली सापडलेले, आईपासून ताटातूट झालेले, कोणी बेकायदा पाळलेले असे प्राणी येथे आणले जातात. बरे झालेल्यांना रानात सोडतात. जे रानात जगू शकणार नाहीत त्यांना येथे आसरा मिळतो. आपल्या पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत उसाची शेती वाढली आणि बिबट्यांनी उसालाच रान मानले. बछडे उसातच जन्मतात, उसातच वाढतात. माणसांवर हल्ले होतात, घरे उद्ध्वस्त होतात, आणि मग पिंजरे लागतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र उभारावे लागले ते याच कारणाने. पेशव्यांच्या शिकारखान्यात प्राणी आला तो राजाच्या इच्छेने. आज अनाथालयात येतो तो आपली शेते, रस्ते आणि वसाहती त्याच्या वाटेत आल्या म्हणून. ज्या माउलीचे मूल बिबट्याने नेले तिच्यापुढे प्राणिप्रेमाचे प्रवचन करण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण पिंजऱ्यात आलेल्या जनावराचाही काही अपराध नाही, हेही तितकेच खरे. दोघांचे दुःख एकाच वेळी मनात धरणे अवघड आहे. ते टाळून मात्र चालणार नाही.

काहींचे उत्तर मात्र अवघड आहे. पांढऱ्या वाघापुढे वर्षानुवर्षे सर्वांत मोठी गर्दी होत आली आहे. पण पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे. एका दुर्मिळ आनुवंशिक गुणामुळे येणारा तो रंग आहे. १९५१ साली रेवा संस्थानात ‘मोहन’ नावाचा पांढरा बछडा पकडला गेला, आणि त्याच्या रक्ताच्या नात्यांतच वीण वाढवून जगभर पांढरे वाघ तयार केले गेले. त्यामुळे त्यांच्यात तिरळेपणासारखे दोष आढळतात. रानातील वाघाचे रक्षण याने होत नाही. फक्त आपले डोळे दिपतात. येथे शिकारखान्याची जुनी नजर नव्या पाटीआडून डोकावते.

नव्या व्यवस्थेतही उणिवा राहतात. मार्च २०२४ मध्ये कात्रजच्या अनाथालयातून एक बिबट्या पिंजऱ्याबाहेर निसटला. आवारातच तो सापडेपर्यंत सर्वांचा जीव टांगणीला लागला होता. जुलै २०२५ मध्ये लाळ्या-खुरकताच्या साथीने काही दिवसांत पंधरा-सोळा चितळे दगावली. प्राण्याला कोंडून ठेवणे म्हणजे त्याच्या प्रत्येक श्वासाची जबाबदारी घेणे होय. रानात चितळ मेले तर तो निसर्गाचा क्रम असतो. कुंपणात मेले तर आपल्याला जाब द्यावा लागतो.

नजरेचा प्रश्न

मग प्राणिसंग्रहालये असावीत की नसावीत? या विषयावर जाणत्यांत मतभेद आहेत आणि ते राहणार. या इतिहासावरून आम्हांला जे दिसते ते एवढेच. दरबाराची नजर म्हणाली, ‘हा माझा आहे.’ शहराची नजर म्हणाली, ‘हा माझ्या करमणुकीचा आहे.’ कात्रजच्या वाटेवर एक तिसरे वाक्य उमटू पाहत आहे: ‘हा माझ्यावर सोपविलेला आहे.’ पहिली दोन वाक्ये बोलायला सोपी होती, कारण त्यांत आपल्याला काही द्यावे लागत नव्हते. तिसऱ्या वाक्यात देणे आहे.

ते देणे फार मोठे नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्राणिसंग्रहालयात प्राण्याला चिडविणे, त्याला खाऊ घालणे, आरडाओरडा करून त्रास देणे किंवा कचरा टाकणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. हे मुलांना घरूनच सांगून न्यावे. तेरा पिंजरे धावत पाहण्यापेक्षा तीन प्राणी निवांत पाहावेत. घरी येऊन त्यांतील एकाचे चित्र काढायला सांगावे. कोणी पाहिले आणि कोणी नुसते बघितले ते तेव्हा कळते. आपल्या मुलांना जिराफ आणि झेब्रा ठाऊक असतात, कारण ते अंकलिपीत असतात. पण राज्यप्राणी शेकरू आपल्याच जिल्ह्यात भीमाशंकरच्या झाडांवर राहतो, बारामतीजवळ सुप्याच्या माळावर चिंकारा आणि लांडगा आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. प्राणिसंग्रहालयाची सहल सफल झाली असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा मुले या शेजाऱ्यांविषयी विचारू लागतील. आणि घराच्या अंगणात साप निघाला, तर काठी उचलण्याआधी सर्पमित्राला बोलावण्याची बुद्धी झाली, तर कात्रजच्या सर्पोद्यानाने चार दशके केलेले काम आपल्या घरापर्यंत पोहोचले असे समजावे.

पर्वतीखालचा गेंडा गेला, शिकारखाना गेला, ज्याने तो जोपासला तो पेशवाही गेला. उरले ते एका तांबटाने समोर बसून, लक्ष देऊन काढलेले चित्र. मालकी सव्वादोनशे वर्षे टिकली नाही, लक्ष मात्र टिकले. आपल्या मुलांच्या हाती वारसा म्हणून द्यायचे ते हेच.